संस्था कुणाची?

आमच्या इलाख्यात लेकराला शाळेत घालायचं म्हटलं की पहिला प्रश्न 'तिथं शिकवतात कसं' हा नसतो. 'संस्था कुणाची' हा असतो. म्हणजे काढणारा कोण, कोणत्या जातीचा, कोणत्या पुढाऱ्याच्या जवळचा, आपल्या सोयऱ्याधायऱ्यात कुठं बसतो का. हे जुळलं की मग मास्तर वर्गात झोपा काढोत नाहीतर तंबाखू मळत बसोत, कुणाची काही तक्रार नसते. सोयरीक जमवतानासुद्धा आमची माणसं पोराला दोन गोष्टी विचारून घेतात, शाळेला तेवढंही विचारत नाहीत. या दस्तुरानं माझं शिक्षण खाल्लं. ते सांगायला बसले की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. शांतपणे सांगणं मला जमायचं नाही, आणि जमावं असं वाटतही नाही.

मी पेडगावची. घरात खाऊनपिऊन वर मिरवण्यापुरतं होतं. कारभार सगळा थोरल्या काकांच्या हातात. त्यांना अख्खं गाव आबा म्हणायचं आणि आम्हीही. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ. त्यांना आम्ही दादा म्हणायचो. दादा सातवी झालेले, रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. पण आबांसमोर त्यांनी कधी तोंड उघडलेलं मी बघितलं नाही. आबा बोलायचे आणि दादा अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायचे.

आमच्या हायस्कुलात हेडमास्तरांनी मुलांचं एक दुकान सुरू केलं होतं. वह्या, पेन्सिली, शाई, टाक असं सामान. नववी-दहावीत त्याचा हिशोब माझ्याकडं होता. हेडमास्तरांनी मला जमा आणि नावे समजावून सांगितलं, प्रत्येक व्यवहार दोन ठिकाणी कसा लिहायचा ते दाखवलं. महिन्याअखेर दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळल्या की मला इतका आनंद व्हायचा की घरी येऊन मी उगाच भांडी घासायला घ्यायचे. आई म्हणायची, पोरीला काय झालंय काय माहीत. दुकानात माझ्या जोडीला माझ्या बाकावरची मैत्रीण असायची. ती बौद्ध वस्तीतली. माल मोजायची ती, लिहायचे मी. दोघींचं ठरलं होतं. दहावी झाली की परभणीच्या कॉमर्स कॉलेजात अकरावीला जायचं, पुस्तपालन शिकायचं आणि कुठल्यातरी ऑफिसात पंख्याखाली बसून हिशोब लिहायचे. एवढंच माझं स्वप्न. दागिना नको होता, लुगडं नको होतं, मला ती खुर्ची पाहिजे होती.

पण ती वर्षं नामांतराची. ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांचं नाव आमच्या मराठवाड्याच्या विद्यापीठाला द्यायचा ठराव झाला होता, आणि तेवढ्यावरून जिल्हा पेटला होता. कुठं कुठं वस्त्या जळाल्या. आमच्या गावात आग लागली नाही, आणि हे सांगताना आमची माणसं अजून छाती फुगवतात. आग लागली नाही, पण वस्तीतल्या माणसांना कामावर घ्यायचं बंद झालं. दुकानदारानं किराणा देणं बंद केलं, चक्कीवाल्यानं दळण परत पाठवलं. माझ्या मैत्रिणीचे वडील आमच्याच शेतात सालानं होते. त्यांना आबांनी ऐन हंगामात घरी बसवलं आणि वर म्हणाले, आता नाव खा म्हणावं. मी तेव्हा चुलीपाशी भाकरी थापत होते. मला लाज वाटली, पण बोलायची हिंमत झाली नाही.

दहावीला आम्ही दोघी पहिल्या वर्गात पास झालो. हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं की कॉमर्सलाच जा, वेळ घालवू नको, प्रवेशाची मुदत थोडी आहे. मी घरी सांगितलं आणि आबांनी बैठक बसवली. आमच्याकडं पोरीनं काय शिकायचं हे ठरवायला चार बाहेरची माणसं लागतात आणि ती पोरगी तेवढी लागत नाही. दोघं गावातले, दोघं पाव्हणे, मधे आबा, कोपऱ्यात दादा. मी दाराच्या आत उभी. पहिला प्रश्न अर्थातच संस्था कुणाची. कॉलेजाच्या कमिटीवर कोण कोण आहे याची उजळणी झाली, त्यातला एकजण नामांतराच्या बाजूनं बोलला होता असं कुणीतरी म्हणालं, आणि तिथंच माझा निकाल लागला. कॉमर्समध्ये शिकवतात काय, हे कुणी विचारलं नाही. मला किती मार्क पडले, तेही नाही.

आबा म्हणाले, "आज ना उद्या कालिजाच्या पाटीवर ते नाव येणार. त्या पाटीखालून माझ्या घरची पोरगी जाणार न्हाई."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी दाराबाहेर आले आणि सांगितलं की अकरावी-बारावीचा विद्यापीठाशी काही संबंध नसतो. ती परीक्षा बोर्डाची, सर्टिफिकेट बोर्डाचं. विद्यापीठाचं नाव लागतं ते पुढं पदवीला, आणि तेवढं मी मागतच नव्हते. सरळ सोपी गोष्ट होती, शेंबड्या पोराला कळावी अशी. पण ती चार शहाणी माणसं माझ्याकडं अशी बघायला लागली जशी मी बैठकीत चप्पल घालून आले. आबा म्हणाले, कॉलेज ते कॉलेज, त्यात बोर्डाचं कुठलं आणि विद्यापीठाचं कुठलं. एक पाव्हणा हसला. मी दादांकडं बघितलं. दादा सुपारी कातरत होते. आईनं मागून माझा पदर ओढला आणि मला आत नेलं.

हसलेला पाव्हणा लय कामाचा निघाला. त्यानं सांगितलं की परभणीत आपल्यातल्याच एका माणसानं हिशोबाची शाळा काढली आहे, टायपिंगही शिकवतात, दोन वर्षांत डिप्लोमा मिळतो, आणि मुख्य म्हणजे कागद पुण्याहून येतो. पुण्याहून! आबांचा चेहराच खुलला. आपल्यातला माणूस आणि पुण्याचा कागद. आणखी काय पाहिजे? कुणी ती शाळा बघितली नव्हती. तिथून शिकून कुणाला नोकरी लागली असं ऐकलं नव्हतं. बैल घेताना हीच माणसं त्याचे दात बघतात, त्याला चालवून बघतात, दोनदा बाजार करून येतात. माझी शाळा मात्र एका पाव्हण्याच्या शब्दावर पान खाता खाता ठरली.

दादा मला तिथं घालायला आले. कापडाच्या दुकानाच्या माडीवर एक लांबट खोली, अरुंद जिना, खाली थुंकलेलं. खोलीत खडखडणारी टायपिंगची यंत्रं, त्यातल्या निम्म्यांच्या कळा गळालेल्या. फळा होता पण खडू मागावा लागायचा. साहेब, म्हणजे संस्थेचे मालक, तेच प्राचार्य आणि तेच शिक्षक, त्यांनी आधी आमचं गाव विचारलं, मग कूळ विचारलं, मग मामाकडचं विचारलं. एवढ्यात त्यांचं समाधान झालं. दादांनी इकडंतिकडं बघितलं, खिडकीतून खाली बघितलं, आणि मला म्हणाले, नीट राहा. मला त्यांची कीवच आली. वाटलं, त्या बिचाऱ्याला यातलं काय कळतं.

शिकवणं म्हणजे नुसता पोरखेळ. साहेब एक गाईड उघडायचे, उदाहरण फळ्यावर उतरवायचे आणि बाहेर जाऊन बसायचे. एकदा मी तेरीज काढली, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिल्लका दोन रकान्यांत मांडल्या. त्या जुळेनात. दुपारभर मी चूक शोधत बसले. साहेब आले, बघितलं आणि म्हणाले, एवढं कशाला डोकं शिणवतीस, जेवढा फरक येतो तेवढा किरकोळ खर्चात टाकून मोकळी हो. मला वाटलं थट्टा करायलेत. थट्टा नव्हती. सगळ्या वर्गानं फरक किरकोळ खर्चात टाकला आणि पानं उलटली. जे काम मी हायस्कुलाच्या दुकानात चोख करत होते, ते इथं येऊन बिघडवायला शिकत होते, आणि त्याला डिप्लोमा म्हणायचं होतं.

माझी मैत्रीण त्याच एसटीनं कॉमर्स कॉलेजात जायची. तिला घरातून कुणी अडवलं नव्हतं. गावच्या थांब्यावर आम्ही लांब उभ्या राहायचो, कारण बघणारे बघत असायचे. गाडी सुटली की ती माझ्या शेजारी येऊन बसायची. तिच्याकडं बोर्डाचं पुस्तक होतं. येणी, देणी, घसारा, वर्षअखेरच्या नोंदी हे सगळं मी त्या एसटीत शिकले, खड्ड्यांतून हादरे खात. गाडी परभणीत शिरली की ती कॉलेजाकडं वळायची आणि मी त्या थुंकलेल्या जिन्याकडं. रोज. एक दिवस माझा बांध फुटला. मी तिला म्हणाले, माझ्या घरच्यांना एका नावाची एवढी भीती कशाची गं वाटते.

ती म्हणाली, "तुझ्या आबाला ज्या नावाची भीती वाटायलीय ना, तेच नाव घिऊन माझी माय मला सकाळी गाडीत बसवायलीय."

ती चिडून बोलली नाही.  मी खिडकीकडं तोंड करून बसले.

कुणीतरी आमचं एकत्र बसणं आबांच्या कानावर घातलंच. मग दादांना हुकूम झाला की पोरीला समज द्या. दादांनी समज दिली, तीही माझ्याकडं न बघता. म्हणाले, गाडीत पुढच्या बाजूला बसत जा. मी पुढं बसायला लागले. ती मला जाता जाता पुस्तक द्यायची आणि संध्याकाळी परत घ्यायची. असं लपूनछपून, चोरीचा माल असल्यासारखं मी बोर्डाचं पुस्तक वाचलं. पुस्तपालनाचं पुस्तक! त्यात लपवण्यासारखं काय होतं?

डिप्लोमा झाला. पुण्याचा कागद आला, त्याच्यावर सोनेरी शिक्का होता, आबांनी तो बैठकीत सगळ्यांना फिरवला. मग एका कारखान्याच्या हिशोब खात्यात कारकुनाच्या जागा निघाल्या. मी अर्ज केला, लेखी परीक्षा दिली आणि त्यात वर आले. त्या चोरून वाचलेल्या पुस्तकाच्या जोरावर. मुलाखतीला दादा सोबत होते. आतल्या साहेबांनी तो कागद उलटून पालटून बघितला आणि विचारलं की ही संस्था कुठं नोंदलेली आहे. मला सांगता येईना. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं की बारावी कॉमर्स असतीस तर आज घेतलं असतं, ह्या कागदाला आमच्याकडं काही किंमत नाही. बाहेर आले तर दादा झाडाखाली उभे. मी सांगितलं. ते समोरच्या टपरीवर गेले. सोड्याची बाटली घेऊन आले माझ्यासाठी. मी ती प्यायले नाही.

घरी येऊन मी तो कागद आबांच्या पुढ्यात टाकला. ते जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, पोरीला नोकरी कशाला, लग्नात सांगायला पुरतंय की. आणि खरंच, बघायला आलेल्यांना तेच सांगितलं गेलं, पुण्याचा डिप्लोमा झालाय. मला देवगाव फाट्याजवळच्या एका गावी दिलं. माणसं चांगली मिळाली, खोटं कशाला बोलू. पुढं बारावी मी बाहेरून केली, लेकरू मांडीवर घेऊन अभ्यास केला. तोवर भरतीचं वय निघून गेलं. बियाण्यांच्या एका दुकानाचा हिशोब मी घरी बसून लिहायचे. काम चोख करायचे, पण ती खुर्ची काही मिळाली नाही. माझी मैत्रीण बी.कॉम. झाली आणि सरकारी कचेरीत हिशोबाला लागली. तिनं मला पेढे आणून दिले तेव्हा मी तिच्या गळ्यात पडून रडले. आनंद होता, आणि जळफळाटही होता. दोन्ही खरं.

मधल्या काळात आबांचा धाकटा मुलगा दहावी झाला. काठावर पास. त्याला कुठं घातलं असेल? त्याच कॉमर्स कॉलेजात. बैठक बसली नाही, पाव्हणे आले नाहीत. मी माहेरी आले होते तेव्हा विचारलं, तर आबा म्हणाले की नामांतर काही होत नाही आता, बारगळलं ते. पुढं तो बी.कॉम.ला गेला आणि त्याच्या शेवटच्या वर्षी नामांतर झालं. संक्रांतीचा दिवस होता. वस्तीत गोडधोड झालं आणि आमच्या गल्लीत लोक सुतक आल्यासारखे बसले. आबांच्या सोबत्यांनी त्यांना म्हणे टोचलं, आता काढा पोराला कॉलेजातून. तर आबा म्हणाले, वर्ष कशाला वाया घालवायचं. हे मला आईनं सांगितलं आणि मी हातातली परात आपटली. याचं एक वर्ष वाया जायला नको, आणि माझा जन्म गेला तर चालतो.

उन्हाळ्यात त्याचा निकाल लागला. निकालपत्रावर विद्यापीठाचं नवं नाव ठसठशीत छापलेलं. आबांनी पेढे वाटले, मला मुद्दाम बोलावणं पाठवलं. बैठक भरलेली होती. मी पेढा हातात घेतला आणि सगळ्यांच्या देखत आबांना म्हणाले की ज्या नावापायी मला कॉलेजाची पायरी चढू दिली नाही, त्याच नावाचे आज पेढे वाटायलात, हे कसं काय?

आबा रागावले नाहीत. लहान पोराला समजावतात तसं बोलले. "त्याला नोकरी करायची हाय, बाई. तुझं काय, तू दिल्या घरची."

बसलेले हसले. काही हसायचं म्हणून, काही विषय मिटावा म्हणून. मी पेढा ताटात परत ठेवला आणि मागच्या अंगणात गेले. दादा तिथं गोठ्याजवळ पेरणीचं बियाणं निवडत बसले होते. बैठकीतलं सगळं त्यांना ऐकू आलं असणार. मी त्यांच्यासमोर बसले आणि इतक्या वर्षांचं सगळं ओकले. म्हणाले, तुमचा भाऊ अडाणी, त्याला बोर्ड कळलं नाही, विद्यापीठ कळलं नाही, तुम्हाला कळलं नाही, आणि तुमच्या सगळ्यांच्या न कळण्यापायी माझं वाटोळं झालं.

दादांचे हात थांबले. सूप त्यांनी खाली ठेवलं.

मग म्हणाले, "मला ठावं व्हतं. बैठक बसायच्या आदल्या दिवशी हेडमास्तर शेतावर येऊन समदं सांगून गेलते. बोर्डाचं येगळं आसतंय म्हणून. पर थोरल्या भावाफुडं काय बोलावं मी."

 आबा अडाणी होते, गर्विष्ठ होते, जातीनं आंधळे झाले होते. त्यांच्यावर मी इतकी वर्षं चिडले, आणि त्यात चूक काही नव्हती. पण त्या बैठकीत मी एकटी बोलत होते तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या एका माणसाला माहीत होतं की पोरगी खरं बोलते आहे. तो सुपारी कातरत बसला. मला जिन्यावरून वर नेताना त्याला माहीत होतं. कारखान्याबाहेर झाडाखाली उभा होता तेव्हाही माहीत होतं. आणि मी त्याला बिचारा म्हणत आले होते. सासरी कुणी माझ्या माहेरच्यांना नावं ठेवली तर मी म्हणायचे, आमच्या दादांना त्यातलं काही कळत नव्हतं हो.

आईनं जेवायला हाक मारली. मी जेवले नाही. तिनं कुंकवाचा करंडा घेऊन दारापर्यंत धाव घेतली तेव्हा मात्र थांबले, तिच्या हातून कुंकू लावून घेतलं आणि निघाले.

दादा पुढं बरीच वर्षं जगले. माझ्याकडं यायचे, नातवंडांना खाऊ आणायचे. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही, पण माझा राग गेला नाही, आणि तो गेला असं मी नाटकही केलं नाही. ते गेले तेव्हा तेराव्याला सगळा गाव लोटला होता. मी पंगतीत वाढत होते. बसलेली माणसं एकमेकांना सांगत होती, लय गरीब स्वभाव, जन्मात कधी कुणाचं वाईट केलं न्हाई या माणसानं. मी हातातलं वरणाचं भांडं तिथंच खाली ठेवलं आणि आत निघून गेले.